झूम ८३ एक्स असो की १२५, दहाच्या उन्हापुढं सगळे सारखेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेले फोटो येतात ते मी नेमानं बघतो, आणि हल्ली त्या फोटोंखाली "अमुक एक्स झूमनं टिपलेला" असं आवर्जून छापलेलं असतं, त्यावरच जरा लिहायचं होतं. मी भुसावळचा. रेल्वेत इंजिनवर होतो, सगळी नोकरी लांबचा सिग्नल बघण्यात गेली, म्हणूनच की काय रिटायर झाल्यावर लांबचं जवळ दाखवणारा कॅमेरा घ्यायची हौस आली आणि जानेवारीत घेऊन टाकला. कंपनीचं नाव टाकत नाही, उगाच जाहिरात नको. ८३ एक्स झूमचा आहे, म्हणजे लेन्स २४ मिमीपासून ८३ पट, २००० मिमीपर्यंत जाते (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), वजन एक किलोच्या आसपास.

पहिल्याच आठवड्यात हतनूरला गेलो. धरणाला ४१ दरवाजे, आपण या टोकाला उभं राहायचं आणि त्या टोकाच्या दरवाजाचा गंज बघायचा, काय भारी वाटतं म्हणून सांगू. पण घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो उघडले तर दरवाजे सगळे वाकडेतिकडे, जणू पाण्यात बुडवून काढलेत. मी घाबरलो, लेन्स गेली वाटतं, दुकानदाराला फोन केला, तो म्हणे काका घेऊन या बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत तिथंच, त्याच जागेवर उभा राहिलो, तर फोटो काचेसारखा! मग डोक्यात उजेड पडला. अहो, हे तर मी जन्मभर बघत आलोय. चाळीसगाव सोडलं की दुपारच्या वेळी पुढं रुळांवर पाणी साचल्यासारखं दिसायचं आणि लांबचा सिग्नल लटपटायचा, तेच हे. ऊन वाढलं की काळी जमीन, दगड, काँक्रीट तापतं, त्याच्यावरची हवा कमीजास्त गरम होऊन वर उठते आणि उजेड त्यातून वाकडा होत येतो, आपल्या डोळ्याला ते एवढं जाणवत नाही पण झूम त्यालाही कितीतरी पट मोठं करतो ना. म्हणजे कॅमेरा जितका ताकदीचा तितकी ही थरथर जास्त दिसणार. आत्ता फेब्रुवारीत दहा वाजले की माझं दुकान बंद, मग एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४५ च्या घरात गेल्यावर काय होईल ते दिसतंच आहे.

आणि ते २००० मिमी म्हणजे खरोखरचे २००० नव्हेत बरं का, हे मलाही घेतल्यावरच कळलं. लेन्सवर बारीक अक्षरात ४.३ ते ३५७ मिमी लिहिलंय. आतला सेन्सर, म्हणजे ज्याच्यावर चित्र उमटतं तो, साधारण ६ बाय साडेचार मिमीचा, तुरीच्या डाळीपेक्षा जरासा मोठा समजा, आणि लग्नात फोटो काढणाऱ्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यात ३६ बाय २४ मिमीचा असतो. सेन्सर छोटा म्हणून चित्राचा लहानसाच तुकडा त्याच्यात मावतो आणि तो मोठा दिसतो, हिशेबानं २००० च्या बरोबरीचा. लबाडी नाही ती, त्याशिवाय एवढी ताकद खांद्यावर घेऊन फिरताच आलं नसतं. पण मग उजेडाची खूप भूक लागते. झूम पूर्ण मागं असताना लेन्सचं उजेड आत घेणारं भोक एफ २.८ असतं, पूर्ण पुढं नेलं की एफ ६.५, म्हणजे उजेड पाचपटीनं कमी. त्यामुळं पहाटे अंधुक असताना आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची तीव्रता, वाढवावा लागतो आणि ८०० च्या पुढं चक्रवाक बदकाच्या अंगावर रवा सांडल्यासारखा दिसतो. म्हणजे पहाटे उजेड नाही आणि दहानंतर हवा शांत नाही, मधले अडीच-तीन तास आपले. डिजिटल झूम तर मी बंदच करून टाकलाय, तो नुसता फोटो कापून ताणतो.

सामानाचं सांगायचं तर खरा पैसा तिथं लावायला पाहिजे होता हे आता कळतंय. आधी दीड हजाराचा ट्रायपॉड आणला, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर लावला, नदीवरनं वारं आलं की त्याचे पाय पोळ्याच्या बैलासारखे झुलायचे. मधे दगडांची पिशवी टांगली तेव्हा कुठं शांत झाला. (ट्रायपॉडवर लावल्यावर कॅमेऱ्यातलं व्हीआर, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय, बंद करायचं असतं, ते चालू राहिलं तर स्थिर कॅमेऱ्यालाही उगाच डोलवू शकतं, हे मला माझ्या भाच्यानं शिकवलं.) त्याच्यापेक्षा उपयोगी पडली ती जुन्या पँटच्या पायाची शिवलेली पिशवी, त्यात दोन किलो ज्वारी भरली, बांधावर नाहीतर गाडीच्या खिडकीत ठेवली की कॅमेरा त्यात रुतून बसतो. आमच्या घरचं माणूस म्हणे, "ज्वारी खायाले आनली का फोटोले?" आता तिच्यात सोंडे झालेत, म्हणजे खायाचा प्रश्नच मिटला.

बॅटरी एका चार्जवर २९० फोटो कंपनी सांगते, पण पक्षी उडायची वाट बघत स्क्रीन चालू ठेवली की एवढे कुठले निघतात. बाजारातनं एक स्वस्तातली डुप्लिकेट घेतली, पंधरा दिवसांत फुगली, कशीबशी बाहेर काढली. तेव्हा ओरिजिनलच घ्या, नाहीतर पॉवर बँक जवळ ठेवा. लेन्सपुढं लावायचा स्वस्त यूव्ही फिल्टरसुद्धा तसाच, पूर्ण झूमला सगळं मऊ मऊ दिसायला लागलं, काढून ठेवला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र झूम नाहीच, लेन्सच्या बाजूचं एक बटण आहे. पूर्ण झूममध्ये पक्षी हरवला की ते दाबून धरायचं, चित्र झटकन मागं येतं, पक्षी सापडला की सोडायचं. ते बटण नसतं तर मी महिनाभर नुसतं आभाळच शूट केलं असतं.

चंद्राचं पण सांगतो. पौर्णिमेला काढू नका, थाळीसारखा सपाट येतो. अष्टमीच्या आसपास काढा, उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या पडतात, तिथं खरी मजा. निकॉनचा पी१००० हा कॅमेरा २०१८ पासून १२५ एक्सला, म्हणजे ३००० मिमीला जातो, पण त्याच्यात पूर्ण झूमला आडव्या फोटोत पूर्ण चंद्र मावतच नाही, वरखाली कापला जातो. माझ्या ८३ मध्ये अख्खा मावतो, कधीकधी कमी बरं असतं. एकदा गुरू शोधला तर त्याच्या शेजारी चार ठिपके एका ओळीत, गॅलिलिओनं १६१० साली पाहिलेले तेच चंद्र, गल्लीतली पोरं गच्चीवर गोळा झाली. गच्चीवरनं आठवलं, समोरच्या वहिनींनी दोन दिवस कपडे वाळत घातले नाहीत, शेवटी त्यांनाच बोलवून चंद्र दाखवला तेव्हा मिटलं. पोरांना मात्र सूर्याकडं हा कॅमेरा कधीच धरू देऊ नका. भिंगातनं कागद पेटतो तसं सेन्सरचं होईल, आणि नेम धरताना सूर्याकडं बघून डोळ्यालाही इजा होईल, त्यासाठी लेन्सपुढं लावायचा सूर्याचा खास फिल्टर लागतो, गॉगलची काच चालत नाही.

तर विनंती एवढीच की फोटोखाली झूमचा आकडा छापण्यापेक्षा वेळ छापा, आणि कॅमेरा कशावर टेकवला होता ते छापा, नव्या माणसाला त्यानं कळेल तरी. आणि घरट्यातल्या पिलांचे फोटो गावाच्या नावासकट छापू नका, पुढच्या रविवारी तिथं मोबाइलवाल्यांची जत्रा भरते. लांबनं फोटो निघतो म्हणून तर हा कॅमेरा घेतला, पक्ष्याला कळूच नये की कोणी आलं होतं.

सोबत चक्रवाकांच्या जोडीचा फोटो पाठवलाय. हतनूर, सकाळी ७.४०, ज्वारीच्या पिशवीवरनं. डावीकडचा जरा हललाय, तोच उडायच्या बेतात होता.

आपला,
इंजिनवरनं उतरलेला एक वाचक, भुसावळ