चिंगी आता माझ्याकडेच राहील

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल चिंगीच्या पाठीच्या ऑपरेशनचे टाके निघाले. मागचे पाय अजून लटपटतात, पण उभी राहून शू करते. फोनवर हे बोलले असते तर आई, तू मध्येच रडली असतीस आणि माझा धीर सुटला असता, म्हणून लिहितेय. चिंगी यापुढे माझ्याकडेच राहील. आमचं ठरलंय.

रागावू नका. बाबा, दिवाणावर उडी मारू दिली म्हणून झालं, असं तुम्ही घोकताय. आईला वाटतंय, तुपाच्या पोळीनं. पण हे रक्तातच असतं. चिंगीसारख्या डॅशहुंड कुत्र्यांच्या ज्या आखूड पायांचं आपल्याला एवढं कौतुक, ते ज्या जनुकीय बदलांमुळे येतात, त्यातलाच एक मणक्यांमधल्या गाद्या बिघडवतो. 2017 मध्ये तो सापडला, बाराव्या गुणसूत्रावर. गादीतला मऊ गर पिलू वर्षाचं व्हायच्या आतच कडक होऊ लागतो आणि पुढे, बहुतेकदा 3 ते 7 वर्षांच्या वयात, गादी फुटून मज्जारज्जू दाबला जातो. उडी फक्त निमित्त. तुम्ही तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलंत, म्हणून ती आज उभी आहे.

पण दुसरी गादीही फुटू शकते. जिने कायमचे बंद. डहाणूकरचा आपला तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिला दर वेळी आडवी उचलायची, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. नऊ किलो! बाबा, गेल्या दिवाळीत तुम्हाला पलंगावरून उठवायला आम्ही दोघं लागलो होतो. तुमच्यानं होत नाही असं नाही म्हणत मी. तुम्ही कराल, आणि सांगणारही नाही, याचीच भीती वाटते.

इथे आमचं घर तळमजल्यावर आहे. लादीवर रबरी चटया टाकल्यात, पाय घसरत नाहीत. तिच्याखाली आईच्या अबोली साडीची गोधडी आहे. रात्री ती कण्हली की मी उठून बसते. बाबा, मला कांजिण्या झाल्या तेव्हा मी खाजवू नये म्हणून तुम्ही रात्रभर कडुनिंबाची डहाळी फिरवत बसायचात ना, तशीच.

आता ऐका. रविवारी गाडी पाठवते, दोघं बाणेरला मुक्कामालाच या. आई, पोळी आणायची नाही, वजन वाढलं की मणक्यावर भार येतो. काकडी दे हवी तेवढी. गळ्यातला पट्टा आता नको, छातीचा घेतलाय. आणि त्या कॅम्पातल्या गृहस्थांना नव्या पिलासाठी फोन करू नका. ते चिंगीच्याच आईचं आहे, आणि अशा वंशातली वीण पुढे वाढवूच नये. त्यांना चिंगीचं मी कळवलंय.

बाबा, कमरेचा पट्टा बांधूनच गाडीत बसा. तिचं लसीचं पुस्तक दिवाणाच्या खणात आहे, ते आणा, आणि तुमचा जुना एमआरआयही. सोमवारची तुमची अपॉइंटमेंट मी घेऊन ठेवलीय.

तुमची,
मनू