मॉनिटरचा रंग आणि माझा मोतीबिंदू

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी फोटो एडिटिंग करण्याविषयी लेख आला होता. लेख चांगला आहे, पण ‘मॉनिटरचे रंग विंडोजच्या सोयीतून डोळ्यांनीच जुळवून घ्यावेत, वेगळ्या यंत्राची गरज नाही’ हे त्यातलं एक वाक्य मला खटकलं. हा उद्योग मी दोन वर्षं केला आणि तोंडघशी पडलो, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त कलाशिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना एकतीस वर्षं रंगचक्र शिकवलं, त्यामुळं रंगाच्या बाबतीत आपली नजर पक्की, असा ताठा होताच. पुतणीच्या लग्नाचा अल्बम मीच करतो म्हणालो. तिनं मोरपंखी पैठणी नेसली होती, खास पैठणला जाऊन आणलेली. मॉनिटरवर तो रंग हुबेहूब उतरला, असं मला वाटलं. लातूरच्या लॅबमधून प्रिंट आल्या तर साडी शेवाळी आणि सगळे वऱ्हाडी जणू लोडशेडिंगमध्ये उभे! वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ही साडी कुणाची?” मी लॅबवाल्याला फोनवर बरंच सुनावलं. तो बिचारा एवढंच म्हणाला, “सर, फाइलमध्ये जे आहे तेच छापलंय.”

पुढच्याच महिन्यात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर सहज एकेक डोळा मिटून पाहिला. उजव्या डोळ्याला घरची भिंत पांढरीशुभ्र, डाव्याला ताकात हळद कालवल्यासारखी. तेव्हा उलगडा झाला. पिवळट झालेल्या नजरेला पडद्यावरचा करडा रंग पिवळा वाटायचा, म्हणून मी मॉनिटरचा निळा चढवत गेलो. पडदा अति निळा झाल्यावर फोटो निळे दिसू लागले, म्हणून फोटोत पिवळा ओतत गेलो. तो सगळा पिवळा पैठणीवर उतरला. आणि मोतीबिंदू नसला तरी डोळा काही माप नव्हे. तो पाच-दहा मिनिटांत समोरच्या झाकेला सरावतो. माझ्या खोलीच्या भिंती तर पिस्ता रंगाच्या!

गावातल्या एका फोटोग्राफर मित्राचा कॅलिब्रेटर आणला. माउसएवढं यंत्र, वायरला वजन लावून पडद्यावर लटकवायचं. सॉफ्टवेअर एकेक रंगाचा चौकोन दाखवतं, यंत्र तो मोजतं आणि शेवटी त्या मॉनिटरपुरतं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे पडदा कुठला रंग कसा दाखवतो याची नोंद असलेली फाइल, तयार होतं. फोटोशॉप ते वाचतं. लक्ष्य म्हणून ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा) पांढरा, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ आणि उजेड दर चौरस मीटरला १२० कँडेला ठेवतात. खोली अंधारी असेल तर उजेड आणखी कमी. माझ्या पडद्याचा उजेड निघाला २६० कँडेला! इतक्या लख्ख पडद्यावर गडद फोटोही उजळ दिसतो. मग प्रिंट काळवंडणार नाहीत तर काय? यंत्र नसेल त्यानं आज निदान ब्राइटनेस तरी उतरवावा, नाइट लाइट (रात्री पडदा पिवळट करणारी विंडोजची सोय) बंद करावा आणि मॉनिटर अर्धा तास तापल्यावर कामाला बसावं.

यंत्र कोणतं घ्यावं, हे मला बरेच जण विचारतात. घरगुती कामाला डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं साधं मॉडेल पुरतं. (पूर्वी एक्स-राइटच्या नावानं मिळणारी फोटोवाल्यांची यंत्रं २०२१ पासून कॅलिब्राइटच्या नावानं येतात, म्हणून दुकानात गोंधळू नये.) घरच्या प्रिंटरचंही प्रोफाइल करायचं असेल तरच कागदावरचा रंगही मोजणाऱ्या महागड्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या वाटेला जावं. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मॉडेलमध्ये कित्येकदा यंत्र तेच असतं, सॉफ्टवेअरला तेवढी कुलपं घातलेली असतात. अशा वेळी स्वस्तातलं घेऊन आर्गिलसीएमएस आणि डिस्प्लेकॅल ही फुकटच्या सॉफ्टवेअरची जोडी वापरता येते. मात्र आपलं मॉडेल त्यात चालतं का, हे घेण्याआधी पाहावं. जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नये. जुन्या यंत्रांतले फिल्टर दमटपणानं आणि वयानं विटतात, शिवाय त्यांच्या काळात आजचे एलईडी पडदे नव्हते, त्यामुळं माप चुकतं.

आणि पडदाच हलका असेल तर यंत्र काय करणार? स्वस्त टीएन जातीच्या पडद्यावर मान जरा खाली-वर केली तरी रंग पालटतो. तिथं आधी आयपीएस जातीचा, बाजूनं पाहिलं तरी रंग फारसा न पालटणारा मॉनिटर घ्यावा. तसंच कॅमेऱ्यात चुकलेला रंगही यंत्र सुधारत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी मंद दिव्यांत, फ्लॅशशिवाय टिपलेला असतो. त्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगानं आलेली झाक, आपल्यालाच सावरावा लागतो. आपण किती सावरलं, हे पडदा खरं दाखवतो, इतकंच.

खर्चाचं म्हणाल तर यंत्र महिन्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास लागतं. बाकीचे दिवस डब्यातच. म्हणून आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक घेतलं आहे. पुरवणीत हा मार्गही छापावा, ही विनंती.

पुतणीचा अल्बम मी पदरमोड करून पुन्हा छापून घेतला. लॅबवाल्याला फोन करून माफीही मागितली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, अंबाजोगाई