तक्रार पत्र: ईएसआर मीटर माहितीपत्रकाप्रमाणे मोजमाप करत नसल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी गिरगावात टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतो. गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरील विक्रेत्याकडून मी आपला ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध, जो वाढला की कपॅसिटर खराब समजतात) मोजणारा मीटर 6,400 रुपयांना घेतला, कारण तो 100 किलोहर्ट्झवर आणि 0.2 व्होल्टच्या आत मोजतो, त्यामुळे कपॅसिटर बोर्डावरून न काढता तपासता येतो, असे माहितीपत्रकात स्पष्ट छापलेले आहे. मीटर निवडताना मी याच दोन गोष्टी पाहिल्या होत्या.

नव्याकोऱ्या 10 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा ईएसआर या मीटरवर 16 ओहमच्या आसपास दिसतो. एखादा नग खराब निघू शकतो. परंतु पाकिटातले दहाही नग तेच आकडे दाखवू लागले, तेव्हा मी प्रोबवर ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारे यंत्र) लावला. तपासणीचा सिग्नल 1 किलोहर्ट्झचा निघाला आणि उघड्या प्रोबवर त्याचे शिखर 0.9 व्होल्ट होते. 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 1 किलोहर्ट्झवर निव्वळ त्याच्या धारकतेमुळे (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेमुळे) जवळपास 16 ओहम विरोध करतो, तर 100 किलोहर्ट्झवर तोच विरोध 0.16 ओहम उरतो. म्हणजे आपला मीटर ईएसआर म्हणून जे दाखवतो ते मुख्यतः धारकतेचेच मोजमाप आहे, आणि त्याच्या भरवशावर मी चांगले कपॅसिटर बदलत राहिलो असतो.

व्होल्टेजची चूक मला अधिक गंभीर वाटते. सिलिकॉनचा डायोड 0.6 व्होल्टच्या आसपास वाहू लागतो, त्यामुळे बोर्डावर शेजारचे डायोड आणि ट्रान्झिस्टर मोजमापात शिरतात व आतला द्रव सुकून आटलेला कपॅसिटर आहे त्यापेक्षा बरा दिसतो. आमच्याच चाळीतील एका वृद्ध बाईंच्या टीव्हीत असाच एक कपॅसिटर मी ठीक समजून राहू दिला. आठव्या दिवशी टीव्ही परत आला. सोल्डरचा डाग काढून तो कपॅसिटर मी स्वतः बांधलेल्या जुन्या मीटरवर लावला, तेव्हा तो पूर्ण आटलेला निघाला. त्या बाईंकडून मी दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, पण माझ्या कामावरचा त्यांचा विश्वास डळमळला, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या सेवा केंद्राने मीटर 1 ओहमच्या रेझिस्टरवर तपासून ‘दोष नाही’ असा शेरा देऊन परत केला. रेझिस्टरचा रोध 1 किलोहर्ट्झवर आणि 100 किलोहर्ट्झवर सारखाच राहतो, त्यामुळे मी ज्या दोषाची तक्रार केली तो या तपासणीत दिसणे शक्यच नव्हते. चांगल्या 10 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला 1 ओहमचा रेझिस्टर एकसर जोडून पाहिले असते, तर मीटरने 1 ओहमऐवजी 16 ओहम दाखवले असते आणि दोन मिनिटांत खरे काय ते कळले असते. ही तपासणी माझ्यासमोर करावी, अशी विनंती मी तेव्हाच केली होती. ती मान्य झाली नाही.

तरी माहितीपत्रकाप्रमाणे चालणारा मीटर मला द्यावा अथवा पूर्ण रक्कम परत करावी, आणि माहितीपत्रकातील चुकीचे आकडे दुरुस्त करावेत, कारण ते वाचून माझ्यासारखे इतर कारागीरही मीटर घेत असणार. हे दुकान माझ्या उपजीविकेचे साधन असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी ग्राहक ठरतो. 15 दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला विश्वासू,
एक दुरुस्ती कारागीर, गिरगाव, मुंबई

सोबत: खरेदीची पावती, सेवा केंद्राचा शेरा आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्याची दोन छायाचित्रे