पी/ई ९ दिसला म्हणून शिक्षण कंपनीचा शेअर स्वस्त होत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या सोमवारी तुमच्या गुंतवणुकीच्या पानावर एका शिक्षण कंपनीबद्दल छापून आलं की शेअरचा पी/ई फक्त ९ आहे, बाजारात बाकीच्या कंपन्या २५-३० ला मिळतात, म्हणजे हा स्वस्त आहे, घेऊन ठेवा. दोन दिवसात तीन जण ते कात्रण घेऊन माझ्या दुकानावर आले. त्यातले एक म्हणजे आमचे रिटायर झालेले सर, मी त्यांच्याकडे गणित शिकलो, आता त्यांच्या हातात फंडाचे पैसे आलेत. काउंटरवर कात्रण ठेवून म्हणाले, "काय रे, हाऊ शेअर सस्ता शे ना? नऊ वरीसमा पैसा वसूल व्हतीन ना?" त्या प्रश्नामुळे हे पत्र लिहायला बसलो, जरा मोठं होईल, पण शक्य असेल तर कापू नका.

माझं अमळनेरला शाळेच्या पुस्तकांचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. पुस्तकं, गाईड, वह्या, व्यवसायमाला, जूनमध्ये श्वास घ्यायला फुरसत नाही आणि दिवाळीनंतर माशा. शेअर्स मी वीस वर्षांपासून घेतो, थोडे थोडे. त्यामुळे या धंद्याची कमाई कशी तयार होते ते मला दुकानातून दिसतं आणि ती कागदावर कशी लिहिली जाते ते वार्षिक अहवालात दिसतं, आणि या दोन्हीत किती फरक असतो त्याबद्दल तुमच्या पानावर एक ओळ नव्हती, माझी तक्रार एवढीच आहे.

आधी सरांचा प्रश्न. पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागची वर्षाची कमाई. भाव १८० आणि कमाई २० असेल तर पी/ई ९, म्हणजे आज एक रुपया कमाईसाठी आपण ९ रुपये मोजतो. नऊ वर्षात पैसे वसूल हे तेव्हाच खरं जेव्हा ती २० रुपयांची कमाई पुढची नऊ वर्षं तशीच राहील आणि सगळी आपल्या हातात पडेल. शेत मक्त्याने देताना आपण असंच करतो ना, वर्षाचा मक्ता किती आणि जमिनीचा भाव किती. पण शेत घेणारा माणूस आधी विहिरीत डोकावतो, एका चांगल्या पावसाच्या वर्षाचा मक्ता धरून कोणी भाव करत नाही. शेअर घेताना मात्र एकाच वर्षाची कमाई खाली टाकतो आणि भागाकार करून मोकळे होतो.

आता शिक्षणाच्या धंद्यात ही खालची कमाई कशी असते ते सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, एका प्रकाशकाचा (नाव लिहीत नाही) सेल्समन २८ मार्चला दुकानात आला. म्हणाला शेठ, टार्गेट बाकी आहे, माल टाकतो, पैसे सप्टेंबरनंतर द्या, नाही विकला तर परत घेऊ. मी चाळीस गठ्ठे सांगितले तर ट्रान्सपोर्टने पंच्याण्णव आले, बिलावर तारीख ३० मार्च, माल हातात आला ६ एप्रिलला. गोडाऊनमध्ये जागा नव्हती म्हणून जिन्याखाली रचले, वरती ताडपत्री टाकली, उंदरांसाठी पिंजरा लावला. जून-जुलै गेला, ३८ गठ्ठे विकले, बाकीचे सप्टेंबरात बिल्टी करून परत पाठवले, क्रेडिट नोट (परत गेलेल्या मालाचे पैसे बिलातून वजा केल्याची चिठ्ठी) यायला जानेवारी उजाडला आणि जायचं-यायचं भाडं माझ्याच अंगावर पडलं. त्या भाड्यासाठी मी चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. आता बघा, तो माल प्रकाशकाच्या वहीत मार्चची विक्री म्हणून लागला असणार, म्हणजे त्या वर्षाचा नफा फुगला, आणि पुस्तकं तर माझ्या जिन्याखाली पडून होती. नियमाप्रमाणे परत येणाऱ्या मालाचा अंदाज धरून तेवढी विक्री आधीच कमी दाखवायची असते, हे मला माहिती आहे, पण अंदाज बांधणार कोण तर कंपनीच. अंदाज कमी धरला की कमाई जास्त, कमाई जास्त की पी/ई कमी, आणि पी/ई कमी की पेपरात स्वस्त.

सरांना मी कात्रणाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित करून दाखवलं. समजा एका शेअरमागे २० रुपये कमाई लिहिलीय. त्यातले ८ रुपये कंपनीने जुनी जागा विकली त्याचे, ते पुढच्या वर्षी येणार नाहीत. राहिले १२, पी/ई झाला १५. त्या १२ मधले ४ रुपये अशा मार्च एंडच्या मालाचे, जो सप्टेंबरात परत येणार. राहिले ८, पी/ई साडेबावीस. भाव १८० चा १८० च आहे. सर बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले, मग खिशातून पेन काढून त्यांनी स्वतः पुन्हा भागाकार करून बघितला.

दुसरी गोष्ट सिझनची. नवनीतचा पुस्तकांचा मोठा धंदा एप्रिल ते जून या तिमाहीत होतो कारण आपल्याकडच्या शाळा जूनमध्ये उघडतात, आणि एस. चांद या दुसऱ्या प्रकाशकाचा बहुतेक धंदा जानेवारी ते मार्चमध्ये, कारण सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. म्हणून एका तिमाहीची कमाई घेऊन तिला चारने गुणायचं आणि त्यावर पी/ई काढायचा, असं यूट्यूबवर पोरं सांगतात, ते या धंद्यात साफ चुकतं. मोठी तिमाही धरली तर शेअर फुकट वाटतो आणि लहान धरली तर कंपनी बुडाल्यासारखी दिसते. निदान सलग चार तिमाह्या घ्या, आणि खरं तर चार-पाच वर्षांची सरासरी घ्या, कारण अभ्यासक्रम बदलला की एक वर्ष नव्या गाईडांचा पूर येतो आणि मग दोन-तीन वर्षं जुन्याच पुस्तकांवर पोरं भागवतात, मोठ्या भावाचं गाईड लहान्याला.

क्लासवाल्या कंपन्यांचं वेगळं आहे. तिथे फी आधी येते आणि शिकवणं नंतर. अकरावीला पोराला घातलं की दोन वर्षांची फी एकदम भरून घेतात, नसेल तर कर्जाचे हप्ते लावून देतात. हिशोबात मात्र ती जसजसं शिकवलं तसतशी उत्पन्न म्हणून धरायची असते, उरलेली ताळेबंदात आगाऊ फी म्हणून देण्याच्या बाजूला राहते. त्यामुळे अशा कंपनीचा पी/ई बघण्याआधी मी ती आगाऊ फीची ओळ बघतो. नवीन ॲडमिशन कमी झाल्या की आधी ती ओळ खाली येते, नफा वर्षभराने पडतो, आणि तोपर्यंत पी/ई छान कमीच दिसत राहतो. शिकवणारे सर सोडून गेले, त्यांनी समोरच्या गल्लीत स्वतःचा क्लास टाकला आणि पोरं त्यांच्या मागे गेली, हे आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला झालंय, ते कोणत्याही गुणोत्तरात दिसत नाही.

याच्या उलट प्रकार एज्युकॉम्पचा, तो सगळ्या देशाने बघितला. २००६ ला १२५ रुपयांना आयपीओ आला (म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढले), शाळाशाळांत डिजिटल फळे लावायचे, शाळेने काही वर्षं हप्त्याने पैसे द्यायचे. भाव हजारोंत गेला, तेव्हा लोक म्हणायचे पी/ई शंभर असला तरी काय, वाढ बघा. मग शाळांकडून हप्ते येईनात, कर्ज वाढत गेलं, भाव पडत गेला, आणि मागच्या वर्षाच्या कमाईवर काढलेला पी/ई एकदम छोटा दिसायला लागला, तेव्हा तेच लोक म्हणायला लागले आता स्वस्त आहे. २०१७ ला कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. नफा कागदावर होता, रोकड शाळांकडे अडकलेली होती. पी/ई च्या वर भाव आहे आणि खाली नफा, रोकड कुठेच नाही, म्हणून त्याला हे दिसणं शक्यच नव्हतं.

आणि सरकार. आपल्या देशात शाळा-कॉलेज ट्रस्टने किंवा सोसायटीने चालवायची असते, नफ्यासाठी नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ च्या टी.एम.ए. पै निकालात वाजवी शिल्लक चालेल पण नफेखोरी नाही असं सांगितलं. म्हणून बऱ्याच कंपन्या ट्रस्टला इमारत भाड्याने देतात, सेवा पुरवतात आणि त्याची फी घेतात, शेअरमागची कमाई म्हणजे ती फी. ती एका करारावर टिकून आहे, तो करार वाचल्याशिवाय ९ काय आणि १९ काय. चीनमध्ये जुलै २०२१ ला सरकारने शाळेच्या मुख्य विषयांच्या क्लासेसला नफा कमवायला बंदी घातली, टाल आणि न्यू ओरिएंटल या कंपन्यांचे शेअर अमेरिकेच्या बाजारात एका दिवसात निम्म्याहून जास्त पडले. आपल्याकडे जानेवारी २०२४ ला केंद्राने सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका. एवढं लांब कशाला, २०२३ ला बालभारतीच्या पुस्तकात पाठ संपला की वहीची कोरी पानं जोडून आली, का तर गरीब पोरांचा वहीचा खर्च वाचावा. चांगला हेतू होता, पण त्या जूनला माझ्याकडच्या दोनशे पानी वह्या दिवाळीपर्यंत पडून होत्या, मग दोन वर्षांनी २०२५ ला ती पानं बंद झाली. एका सरकारी निर्णयाने वही विकणाऱ्याची कमाई अशी खालीवर होते, मग कमाईच्या जोरावर काढलेला आकडा स्थिर कसा मानायचा?

तोट्यातल्या कंपनीला तर पी/ई लागूच होत नाही. फिजिक्सवाला ही क्लासवाली कंपनी नोव्हेंबर २०२५ ला शेअर बाजारात आली, त्याआधीच्या वर्षात तोटा होता, १०९ रुपयांचा भाव ठरला तो दुसऱ्या मोजमापांवर. तिथे वाचकाला सरळ सांगा की हे गुणोत्तर इथे चालत नाही.

अमळनेरच्या माणसाला शेअर काय असतो हे कोणी शिकवायला नको. १९४५ ला इथेच विप्रोची तेलाची गिरणी सुरू झाली, गावातल्या किती घरांत आजोबांनी घेतलेले शेअर जपून ठेवलेत आणि बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) होत होत त्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. पण त्या आजोबांना गिरणी रोज दिसत होती, गाड्या भरून डबे जाताना दिसत होते. तीच सवय मी शिक्षण कंपनीलाही लावतो, तिचं पुस्तक दुकानात विकलं जातंय का, क्लासमध्ये दुसऱ्या वर्षी पोरं टिकली का. आणि साने गुरुजींनी ज्या गावात शाळेत शिकवलं त्या गावात शिक्षणाचा पैसा लावताना माणूस जरा हळवा होतो, चांगल्या कामाला लागतोय असं वाटतं, त्यामुळे फसतोही लवकर.

मी फसलोय म्हणून लिहितोय. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेल्या पैशातून मी एका शिक्षण कंपनीचे शेअर घेतले होते, पी/ई ७ होता, मला वाटलं यापेक्षा खाली काय जाणार. तीन वर्षांचा नफा बेरीज केला तर धंद्यातून आलेली रोकड त्याच्या पाव सुद्धा नव्हती, हे मी नंतर बघितलं. एक तृतीयांश पैसे हातात आले तेव्हा बाहेर पडलो. मुलीची दुसऱ्या वर्षाची फी तिच्या आईच्या पाटल्या मोडून भरली. ती रोकडीची ओळ अहवालात होती, छापलेली होती, मी पी/ई बघून पुढे गेलो.

म्हणून साहेब, विनंती अशी की यापुढे कोणत्याही शिक्षण कंपनीचा पी/ई छापाल तेव्हा त्याच चौकटीत तीन आकडे अजून द्या. पाच वर्षांचा एकूण नफा आणि त्याच पाच वर्षांत धंद्यातून आलेली रोकड शेजारी शेजारी, गिऱ्हाइकांकडे थकलेली उधारी किती दिवसांची आहे ते, आणि कमाईत जागा विकल्याचे किंवा एकदाच येणारे पैसे किती ते. हे सगळं कंपनीच्या वार्षिक अहवालात फुकट मिळतं, तुमच्या माणसाचा अर्धा तास जाईल. आणि सोमवारच्या त्या कंपनीबद्दल ही चौकट पुढच्याच अंकात द्या, कारण कात्रण अजून लोकांच्या खिशात आहे.

सरांनी पैसे अजून टाकलेले नाहीत. रविवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर येणार आहेत, रोकडीचं पान मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून ठेवलंय, त्यांना आता बारीक दिसत नाही.

आपला,
एक पुस्तक विक्रेता आणि नेहमीचा वाचक,
अमळनेर, जि. जळगाव