दोन स्टँडच्या मधला रस्ता

मानेवाडा, नागपूर
गुरुवार, रात्री साडेदहा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्रीचं लोकेशनवरून झालेलं आपलं भांडण अर्ध्यात राहिलं, कारण तुझ्या आईनं मध्येच विचारलं, अजून भाकरी कोणाला पाहिजे. त्यानंतर तू बोलली नाहीस, मीही नाही. शनिवारी पहाटे पाचला तू सायकलनं पचमढीला निघणार. मध्ये पुन्हा बोलायला बसलो तर तू म्हणशील, "बाबा, तुम्ही ऐकूनच नाही राहिले," आणि मी म्हणेन, "तू सांगूनच नाही राहिली." म्हणून लिहितो आहे. शिवाय वाचता वाचता तुला राग आला तर कागद बाजूला ठेवता येतो. बापाला तसं ठेवता येत नाही.

तू काल दोन गोष्टी म्हणालीस. एक, तीन दिवस कोणीतरी नकाशावर आपल्याला बघत बसलंय या भावनेनं पॅडल मारायला नको वाटतं. आणि दुसरी, जी मला जास्त लागली: "दादा बाइकवर लेहला गेला तेव्हा त्याला कोणी लोकेशन मागितलं होतं?"

नव्हतं मागितलं. रात्री एक फोन कर, एवढंच सांगितलं होतं, आणि त्यातलेही दोन फोन त्यानं बुडवले. रात्री मी याचं उत्तर शोधत पडलो होतो. तेव्हा ही सोय नव्हती म्हणावं, तर होती. तो मोटारसायकलवर होता म्हणावं, तर त्यात धोका जास्तच. मुलगी म्हणून तुला मागितलं, हे खरं आहे, आणि ते मी इथे लिहून देतो. तुझ्या आईला हा कागद दाखवलास तरी चालेल.

लोकेशन तरीही मागतो आहे. पण मागच्या वेळेसारखं नाही.

मागची वेळ म्हणजे देवलापारची. तुम्ही चौघं खवाशाला मुक्कामाला निघाला होता. मनसरपर्यंत तुझा निळा ठिपका छान सरकत होता. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत बसून तो बघत होतो, खरं सांगायचं तर मजा येत होती. देवलापार सुटलं आणि ठिपका थांबला. दहा मिनिटं, वीस, पन्नास. तो भाग पेंचच्या वाघांच्या जंगलाचा. जनावरांना खालून जाता यावं म्हणून तिथे हायवेच उचलून पुलावर घेतलाय, हे मला पाठ आहे, कारण हौसेनं पाहुण्यांना सांगणारा मीच. आता तेच ज्ञान अंगावर आलं. मी फोन लावत सुटलो. तुला, मग तुझ्या मैत्रिणीला, मग तिच्या वडिलांना. त्यांना बिचाऱ्यांना तोपर्यंत काही काळजी नव्हती, ती मी लावून दिली.

तुम्ही रेंजमध्ये आलात आणि तुझा फोन एकदम थरथरायला लागला. माझे सतरा मिस्ड कॉल. तू चालत्या सायकलवर खिशात हात घातलास आणि कडेच्या मुरमात घसरलीस. कोपर सोललं. त्या दोन दिवसांत तुला वाघ दिसला नाही, ट्रक लागला नाही, चोर भेटला नाही. लागलं ते माझ्या फोनमुळे. तू हे घरी कधी बोलली नाहीस. तुझ्या मैत्रिणीनं परवा सांगितलं.

तेव्हापासून मी ही भानगड नीट समजून घेतली. तुला हसू येईल, पण वहीत लिहून काढली. फोनला आपण कुठे आहोत हे कळायला नेट लागत नाही. ते वीस हजार किलोमीटर वरच्या उपग्रहांकडून येतं. नेट लागतं ते आपल्याला कळवायला, आणि ते काम टॉवरचं. म्हणजे सिल्लेवानीच्या घाटात तुझ्या फोनला अंतराळातला उपग्रह ऐकू येईल आणि सौंसरचा टॉवर ऐकू येणार नाही. ठिपका थांबतो तेव्हा सायकल थांबलेली नसते, खबर थांबलेली असते. आणि मी पेंचमध्ये शिळी खबर ताजी समजून तासभर घाम गाळत होतो.

यावरून तुझ्या आजोबांची गोष्ट आठवली. काटोलकडून आपल्या गावचे लोक महाशिवरात्रीला मोठ्या महादेवाला जायचे, म्हणजे तू जातेस तिथेच, पचमढीला. आजोबांचा नवस होता, त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढायचा. घरून निघाले की परतेपर्यंत काही कळायचं नाही. एका वर्षी त्यांनी पिपरियाहून पोस्टकार्ड टाकलं, "सुखरूप पोचलो, काळजी नसावी." ते आलं आजोबा घरी येऊन दोन दिवस झाल्यावर. आजोबा ओसरीत दाढी करत होते आणि आजी ते कार्ड मोठ्यानं वाचून दाखवत होती, सुखरूप पोचल्याचं. तुझा पेंचमधला ठिपका म्हणजे तेच कार्ड होतं. मी फक्त त्यावरची तारीख वाचली नाही. नकाशावर नावाखाली 'इतक्या वेळापूर्वीचं' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आता चष्मा लावून आधी ते वाचतो.

मला खरं काय पाहिजे, ते एसटीच्या भाषेत सांगतो, कारण मला तीच येते. सावनेरच्या स्टँडवर मी चार वर्षं कंट्रोलर होतो. गाडी आली की कंडक्टर केबिनच्या खिडकीशी यायचा, मी वेळ टाकून सही करायचो, गाडी पुढे जायची. पुढच्या स्टँडपर्यंत ती कुठे आहे हे मला ठाऊक नसायचं, आणि मी विचारतही नसायचो. दोन स्टँडच्या मधला रस्ता ड्रायव्हरचा. त्यानं कुठे चहा घेतला, कुठे म्हातारीला हात दाखवल्या ठिकाणी उतरवलं, ते त्याचं. गाडी वेळेत पुढच्या स्टँडला लागली नाही, तरच फोन फिरवायचा. अख्खी नोकरी मी अशी शांतपणे केली. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी दर दोन मिनिटांनी खिडकीतून मान बाहेर काढतो आहे.

तर मला तुझ्या नोंदी दे. पहिल्या दिवशी तीन: सावनेर, सौंसर, छिंदवाडा. दुसऱ्या दिवशी परासिया आणि तामिया. तिसऱ्या दिवशी मटकुली आणि पचमढी. मेसेजमध्ये नुसतं गावाचं नाव टाकलंस तरी पुरे. जिथे नेट नाही तिथे कधी कधी साधा एसएमएस निघून जातो, म्हणून तो पाठव; व्हॉट्सअपच्या एका टिककडे बघत बसू नकोस. उशीर होणार असेल तर नवीन वेळ कळव, कारण सांगू नकोस. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास मी काहीही करणार नाही. दोन तासांनी तुला एक मेसेज. मग तुझ्या मैत्रिणीला एक फोन, मग मुक्कामाच्या लॉजवर. तिथेही पत्ता लागला नाही, तर 112. आणि तू सायकलवर असताना माझा फोन वाजला तरी उचलायचा नाही. थांब, पाणी पी, मग बघ. पाणी पिऊनही वाटलं नाही, तर नको बघू.

लोकेशन चालू राहू दे, पण ते या नोंदींच्या मागे, गोदामात ठेवल्यासारखं. वेळ आली तरच उघडीन. व्हॉट्सअपवर ते जास्तीत जास्त आठ तास चालतं. पहाटे पाचला लावलंस तर दुपारी एकला आपोआप बंद होईल, आणि नेमकं तेव्हा तू घाटात असशील. त्यापेक्षा गूगल मॅपवरून दे. तिथे आपण बंद करेपर्यंत चालू ठेवता येतं. त्यात तुझ्या बॅटरीचा आकडाही मला दिसतो, हे आधीच सांगून ठेवतो. 'बॅटरी संपली होती' हे कारण आता चालणार नाही. बॅटरी सेव्हरवर फोन टाकलास की मागच्या मागे लोकेशन जाणं बंद पडू शकतं, म्हणून मॅपला त्यातून वगळ. घाटात रेंज नसली की फोन टॉवर शोधत बसतो आणि त्यातच चार्ज खातो. तिथे सरळ फ्लाइट मोडवर टाक. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर फ्लाइट मोडमध्येही रस्ता दिसतो. माझी काळजी करू नकोस, मी आता तारीख वाचतो.

हे लोकेशन फक्त मला आणि दादाला. फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस. मागच्या वेळी तुझ्या मामांनी सकाळी सातला "अजून कामठीच?" असं लिहिलं आणि पुण्याच्या आत्यानं देवाचे हात जोडलेले चोवीस चित्र पाठवले. त्यांना संध्याकाळी फोटो पाठव. इन्स्टावरचे फोटोही ते गाव सोडल्यावर टाक, लॉजच्या नावाचे तर घरी आल्यावरच. आणि तुझं ते सायकलचा रस्ता नोंदवणारं स्ट्राव्हा अ‍ॅप. दादा सांगत होता, 2018 साली लोकांच्या पळण्या-सायकलिंगच्या रेघांवरून लष्कराचे तळ नकाशावर उजळून दिसले होते. आपलं मानेवाड्याचं घर काही लष्करी तळ नाही, पण तू रोज कुठून निघतेस आणि कुठे परततेस हे कोणालाही दिसायची गरज नाही. सुरुवात-शेवट लपवायची सोय आहे त्यात, ती लावून घे.

एक कागदही खिशात ठेव. नाव, रक्तगट, माझा आणि दादाचा नंबर. पडल्यावर फोनची काच आधी फुटते. तुमच्या चौघांची सिमं एकाच कंपनीची असतील तर एकीचं बदला. एकीची रेंज गेली तर दुसरीची असावी. एवढं सगळं करूनही तामिया ते मटकुलीच्या जंगलात तुम्ही तासन्‌तास कोणालाच दिसणार नाही, हे मी धरून चाललो आहे. तो रस्ता तुमचा.

आता माझ्याकडून. मी माझंही लोकेशन तुला चालू करून दिलं आहे. आज संध्याकाळी तुला नोटिफिकेशन आलं असेल, ते तेच. तू म्हणालीस ना, बघणारा एकच आणि दिसणारी एकच, म्हणून राग येतो. तर तूही बघ. शनिवारी माझा ठिपका सकाळी दुधाच्या केंद्रापर्यंत जाईल, नऊला बँकेत, आणि मग दिवसभर मानेवाड्यातून हलणार नाही. त्यावरून मला काही झालं असं समजून फोन करू नकोस. दुपारी मी झोपतो. तुझ्या आईला वाटतं मी तेव्हा पेपर वाचतो, तिला सांगू नकोस.

आईनं जामसावळीच्या हनुमानाला नारळ बोलला आहे. तुमच्या रस्त्यापासून ते थोडं बाजूला पडतं, तेव्हा वाट वाकडी करू नका. आपण नंतर एसटीनं जाऊ.

हँडलबारच्या बॅगेत चेन-लिंक आणि पंक्चरच्या सामानाखाली एक पोस्टकार्ड ठेवलं आहे. अजूनही पन्नास पैशांनाच मिळतं, काउंटरवरच्या पोरीनं शोधून दिलं. पचमढीला पोस्ट उघडं असेल तर टाक. पत्ता मी लिहून ठेवला आहे, मजकूर तुझा. ते तुझ्यानंतर आलं तरी मला चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. सांबारवडी स्टीलच्या डब्यात आहे. पहिल्याच दिवशी संपवा, सौंसरच्या पुढे नेऊ नका. डबा मात्र परत आण, तो आईच्या माहेरचा आहे.