घे बोनहोफर, पण हार न घालता

फोंडा

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी बोनहोफर, हिटलरला विरोध करणारा तो जर्मन पाद्री आणि धर्मचिंतक, घ्यावा का, असं विचारलंस. फासावर गेला म्हणून मोठा झाला, हा तुझ्या मैत्रिणीचा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. ९ एप्रिल १९४५ ला, युद्ध संपायला महिना उरला असताना, नाझींनी त्याला फ्लॉसेनबर्गच्या छळछावणीत फाशी दिली. असा शेवट झाला की माणसाच्या ओळीओळीला उदबत्ती ओवाळली जाते.

पण ‘स्वस्त कृपे’वर त्याने लिहिलं ते १९३७ मध्ये, अटकेच्या बरंच आधी. पश्चात्ताप नको, वागण्यात बदल नको, क्षमा तेवढी हवी. अशी क्षमा वाटणारं चर्च स्वतःलाच फसवतं, हे त्याचं म्हणणं. फास बाजूला ठेवला तरी ते उणं होत नाही. मी इगर्जीत जातो तो लग्नामयताला, तरी वाचताना मला देवळाचं काउंटर दिसलं. आपले एक शेजारी दर सोमवारी अभिषेकाची पावती फाडतात, गोत्र बरोबर लिहिलंय ना हे चष्मा लावून तपासतात, आणि तिथून तडक वकिलाकडे, आपल्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या म्हाताऱ्या मुंडकाराला घराबाहेर कसं काढायचं ते विचारायला!

तुरुंगातली पत्रं मात्र जपून वापर. ‘धर्माविना ख्रिस्तीपण’ हे त्याने १९४४ मध्ये बेथ्गे या मित्राला लिहिताना सुचत गेलेलं. कुणी त्यावरून त्याला जवळजवळ नास्तिक ठरवलं, कुणी कट्टर श्रद्धावंत. एवढ्या अर्धवट टिपणांवर अख्खा प्रबंध उभा राहत नाही.

१९३३ चा ज्यूंविषयीचा निबंध मुळातून वाच. सत्तेच्या चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करून भागणार नाही, वेळ आली तर चाकच अडवावं लागेल, असं तो हिटलर सत्तेवर येऊन काही महिनेच झाले असताना म्हणतो. त्याच निबंधात ज्यूंवर ईश्वरी शाप असल्याची जुनी समजूतही आहे. भक्तमंडळी ते पान पटकन उलटतात. तू तिथे थांब.

गांधींनी १९३४ मध्ये त्याला आश्रमात यायला सांगितलं होतं. तो आला नाही, १९३५ पासून फिंकेनवाल्डेत पाद्री घडवत बसला. आला असता तर काय झालं असतं, यावर पानं खर्चू नकोस. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातून प्रतिकाराची वाट शोधणाऱ्याला गांधी का हवेसे वाटले, ते शोध.

तेव्हा विषय घे. फक्त जर्मन येत नसताना चालेल का, हे मार्गदर्शकांना आधी विचार. आराखडा चवथीला येताना घेऊन ये, मोबाइलवर मला वाचवत नाही.

तुझे बाबा