मानेवरच्या काळ्या पट्ट्यातून साखर ओळखणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे आले होते ती मानेवरचा काळपट पट्टा घालवायला. एखादं मलम लिहून द्याल, फार तर साबण बदलायला सांगाल, एवढीच अपेक्षा. तुम्ही मलम लिहिलंच नाही, साखरेची तपासणी लिहून दिलीत. त्याबद्दल चारचौघांत तुमचे आभार मानायचे आहेत.

तुम्ही भिंग लावून मान पाहिलीत. बोटाने त्वचा हलकेच ताणून तिथला जाडसर, मखमली पोत मला आरशात दाखवलात, शेजारची बारीक लोंबती चामखिळं दाखवलीत आणि म्हणालात, "हा मळ नाही, घासून जाणार नाही." तोवर जो तो मला घासायलाच सांगत होता! शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी सोडत राहतं, आणि रक्तात वाढलेलं तेच इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं, हे तुम्ही समजावलंत. पट्टा अचानक पसरला का, वजन विनाकारण घटलं का, हेही विचारलंत, कारण क्वचित त्यामागे वेगळाच गंभीर आजार असतो. मग टेप काढून कंबर मोजलीत, रक्तदाब पाहिलात, घरात मधुमेह कुणाला आहे ते लिहून घेतलंत. त्वचेच्या तक्रारीसाठी आलेल्या माणसाला इतका वेळ कोण देतं?

उपाशीपोटी साखर ९६ आली. १०० च्या आत, म्हणजे नॉर्मल. रिपोर्ट तुमच्या टेबलावर ठेवताना मी मनातून निर्धास्त झाले होते. तुम्ही तिथेच थांबला असतात तर मीही थांबले असते, आणि सगळ्यांत जास्त आभार मी मानते ते तुम्ही थांबला नाहीत याचे. रात्रभराच्या उपासात साखर आटोक्यात ठेवणं हे मुख्यतः यकृताचं काम, आणि खाल्ल्यानंतर चढलेली साखर उतरवण्यात स्नायूंचा मोठा वाटा. एक व्यवस्थित चालू असताना दुसरं बिघडलेलं असू शकतं. म्हणून तुम्ही ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायला लावलीत. ते गोडमिट्ट पाणी पिऊन दोन तास एका जागी बसायचं, काही खायचं नाही, फेऱ्यासुद्धा मारायच्या नाहीत. दोन तासांनंतरचा आकडा १६८. तो १४० च्या खाली हवा होता. २०० पासून पुढे मधुमेह म्हणतात, मी अधेमधे होते. एचबीए१सी ५.९ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या अलीकडची पायरी. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा हा आकडा रक्तात लोह कमी असेल तर फसवू शकतो, म्हणून तुम्ही हिमोग्लोबिनही पाहून घेतलंत.

"पण मला तर काहीच त्रास नाही," असं मी म्हणाले होते, आठवतंय? त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते प्रत्येकाला माहीत हवं. साखर साधारण १८० च्या पुढे गेली की ती मूत्रपिंडांना पुरती अडवता येत नाही, ती लघवीतून जाऊ लागते आणि जाताना पाणीही ओढून नेते. सारखी तहान, रात्री उठून लघवीला जाणं ही लक्षणं त्यामुळे येतात. प्रीडायबेटिसमध्ये साखर बहुधा तिथवर पोचतच नाही, मग तहान लागणार कशी? लक्षणांची वाट पाहणारा माणूस बहुतेकदा मधुमेह झाल्यावरच डॉक्टरकडे येतो. मानेवर, काखेत असा पट्टा उमटतो तो काहींच्याच. बाकीच्यांनी कंबरेचा घेर, घरातला मधुमेह, वाढलेला रक्तदाब, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) यांवरून स्वतःच तपासणीचं मनावर घ्यायला हवं.

तुम्ही मला घाबरवलं नाहीत, यानेही फार बळ आलं. गोळी घ्यावी लागेल का, असं विचारल्यावर तुम्ही अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीबद्दल सांगितलंत. २००२ साली तिचे निष्कर्ष आले. प्रीडायबेटिस असलेल्या तीन हजारांवर लोकांत, ज्यांनी ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा हे ध्येय ठेवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झालं. "गोळी वाईट नाही, पण आधी पायांना संधी देऊ," हे तुमचं वाक्य. जेवणानंतर लगेच न बसता थोडं चालायची सवय तेव्हा लागली ती टिकली आहे. वजन हळूहळू उतरलं, आणि शेवटच्या तपासणीत एचबीए१सी ५.६ आला. पट्टा फिकट झालाय, पूर्ण गेलेला नाही. आता आरशात मी तो पूर्वीसारखा झाकत नाही.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी धाकट्या बहिणीला घेऊन येते. तिला गरोदरपणात साखर होती. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा ग्लुकोजची तपासणी करायची असते आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मूल आता शाळेत जातंय. तिची मान अगदी स्वच्छ आहे, त्यामुळे ती यायला तयार नव्हती. तुम्ही मला दिलेला तो १८० चा हिशोब मी तिला सांगितला, तेव्हा हो म्हणाली.

आपली कृतज्ञ,
तुमची एक रुग्ण